मेल परत येतायत, ब्लॅकलिस्ट म्हणे! तातडीने मदत हवी

भोसरीकर: मंडळी, कालपासून ऑफिसातून एक मेल धड जात नाही. सगळे ५५० एरर घेऊन परत, त्यात ‘झेन स्पॅमहाउस’ असं काहीतरी. मार्चएंड आहे, कोटेशनं अडकलीत, साहेब दर दहा मिनिटांनी टेबलापाशी. यादीतून नाव कसं काढायचं तेवढं सांगा.

खटपट्या: सर्व्हर कुठला? आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा का? एररची पूर्ण ओळ चिकटवा. स्पॅमहाउस स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या याद्या ठेवतं; त्यांची झेन ही एक यादी नाही, तीन-चार याद्यांची मोट आहे.

पिंपळपान: कशाला डोकेफोड? गूगल वर्कस्पेस घ्या. आम्ही घेतलं, निवांत आहोत.

खटपट्या: घराला आग लागलीय आणि तुम्ही नवा फ्लॅट दाखवताय.

भोसरीकर: स्टॅटिकच. मेल सर्व्हर पोस्टफिक्स आहे, आधीच्या माणसाने बसवलेला. फॉर्म सापडला, भरला, नाव निघालंही. दोन तासांत परत यादीत!! पैसे भरावे लागतात का?

जुनाखोड: छे! स्पॅमहाउस नाव काढायचे पैसे घेत नाही. परत आलं म्हणजे तुमच्याकडून स्पॅम अजून सुटतोय. मेलक्यू कमांड मारून रांगेत किती मेल आहेत तो आकडा सांगा. ओपन रिले वाटतोय, म्हणजे कुणाचीही मेल पुढे पाठवणारा सर्व्हर. १९९८ला सेंडमेल या जुन्या मेल सर्व्हरचं ८.९ आलं तेव्हापासून परक्याची मेल पुढे ढकलणं मुळातच बंद असतं, पोस्टफिक्समध्येही. कुणीतरी हाताने उघडलंय.

कमलाक्षी: मला रोज लोनचे एसएमएस येतात, डीएनडी करूनही. उपाय आहे का?

सायबरसखा: रिलेच कशावरून? आमच्याकडे अकाउंट्सवाल्याचा पासवर्ड ‘वेलकम१२३’ होता, स्पॅमवाले त्याच्या नावाने रीतसर लॉगिन करून पाठवत होते. आधी सगळ्यांचे पासवर्ड बदला.

जुनाखोड: चाळीस जणांचे पासवर्ड बदलण्याआधी एक ओळ बघू द्या की. पोस्टफिक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, मेन.सीएफमध्ये, ‘मायनेटवर्क्स’समोर काय आहे?

भोसरीकर: मेलक्यूत ३८ हजार!!! मायनेटवर्क्स ०.०.०.०/०.

जुनाखोड: घ्या! ०.०.०.०/० म्हणजे सगळेच आयपी, अख्खं जग तुमच्या घरचं झालं. त्या ओळीत असलेल्या आयपीला पासवर्ड विचारलाच जात नाही. तिथे फक्त १२७.०.०.०/८ (सर्व्हर स्वतः) आणि ऑफिसचं लॅन (आतलं नेटवर्क) ठेवा, रीलोड करा, क्यू रिकामी करा. फॉर्म सगळ्यात शेवटी.

सायबरसखा: तरी पासवर्ड बदलाच.

खटपट्या: पण हे उघडलं कुणी?

भोसरीकर: आत्ता आठवलं. मागच्या आठवड्यात नवीन झेरॉक्स मशीन आलं, स्कॅन मेलवर जाईना. मशीनवाल्याचा पोरगा सर्व्हरवर बसून काहीतरी करून गेला होता. हे सांगायचं राहिलं, संबंध असेल असं वाटलंच नाही.

खटपट्या: 🙏

भोसरीकर: सांगितलं तसं केलं. लॅन १९२.१६८.१.०/२४ टाकलं. क्यू रिकामी, सकाळपासून यादीत नाव नाही, कोटेशनं गेली. आभार! फक्त आता साहेब विचारतायत, स्कॅन का येत नाहीत?

जुनाखोड: मशीनचा आयपी १९२.१६८.२ने सुरू होतो का बघा, तुम्ही टाकलेल्या ओळीत फक्त १९२.१६८.१वाले बसतात. आणि त्या पोराला बोलावू नका.