शब्दचर्चा : पायथन 'घालायचं', 'बसवायचं' की 'बांधायचं'?

खानापूरकर : बारावीच्या मुलांसाठी उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमवर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा इन्स्टॉल करायच्या सूचना मराठीत लिहितोय. 'इन्स्टॉल'ला काय लिहावं? अनुवादांत 'प्रतिष्ठापना' दिसते, पण तो शब्द गणपतीचा आणि देवळाचा. आपल्या बेळगाव भागात सगळे 'सॉफ्टवेअर घालून दे' म्हणतात. चालेल का?

निपाणीकर : चालेल की. कन्नड 'हाकु'चा (घालणे, टाकणे) वास आहे त्याला, पण इथल्या मराठीत मुरलाय. पुण्याकडचे 'टाकणे' म्हणतात, तेही समजतं. मात्र सूचनांची सुरुवात 'घाला'ने करू नका, कारण उबुंटूत पायथन आधीच असतं. उबुंटू २४.०४ मध्ये पायथन ३.१२. टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'पायथन३ --व्हर्जन' दिलं की कळतं. मुलं नुसतं 'पायथन' टाइप करतात, 'कमांड नॉट फाउंड' येतं आणि पायथनच नाही असं समजून दुसरं घालायला धावतात. तेवढ्यासाठी 'पायथन-इज-पायथन३' हे छोटं पॅकेज घातलं की भागतं.

टिळकवाडीकर : 'घालणे' ॲप्टपुरतं, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज घालायच्या-काढायच्या साधनापुरतं ठेवा. सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवून करायचं असेल तर 'बांधणे' म्हणा, कारण तिथे चुकाही वेगळ्या होतात. क्रम असा : आधी 'बिल्ड-इसेन्शियल', 'लिबएसएसएल-डेव्ह', 'झेडलिब१जी-डेव्ह' आणि 'लिबएफएफआय-डेव्ह' घालायचं, मग 'कन्फिगर' (तयारी), मग 'मेक' (बांधणी). एसएसएलची (सुरक्षित जोडणीची) फाइल नसली तरी 'मेक' थांबत नाही, शेवटी कुठले मॉड्यूल बांधले गेले नाहीत त्याची यादी देतं. ती कोणी वाचत नाही, आणि नंतर पिपला, म्हणजे पायथनची पॅकेजं घालणाऱ्या साधनाला, एकही पॅकेज उतरवता येत नाही. शेवटची पायरी 'सुडो मेक ऑल्टइन्स्टॉल'. नुसतं 'मेक इन्स्टॉल' दिलंत तर 'पायथन३' या नावावर नवीन आवृत्ती येऊन बसते, आणि ॲप्टने घातलेली मॉड्यूल तिला दिसत नाहीत.

खानापूरकर : आणि 'व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट'? 'आभासी पर्यावरण' लिहिलं तर मुलांना झाडं आठवतील.

निपाणीकर : नाव 'व्हेन्व'च ठेवा, समजावताना 'वेगळा खण' म्हणा. प्रत्येक प्रोजेक्टचं सामान आपापल्या खणात. याची गरज लगेच पडते : २४.०४ वर थेट 'पिप इन्स्टॉल' केलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असा नकार येतो. सिस्टिमचं पायथन ॲप्टच्या ताब्यात असतं, पिपने त्यात ढवळाढवळ करू नये म्हणून. आधी 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व', मग 'पायथन३ -एम व्हेन्व खण', मग 'सोर्स खण/बिन/ॲक्टिव्हेट'. ओळीच्या सुरुवातीला कंसात 'खण' दिसलं की आत आलात. '--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' जोडून नकार टाळता येतो, पण सूचनांत ते अजिबात लिहू नका, मुलं तेच पाठ करतील.

टिळकवाडीकर : 'काढणे'ही दोन प्रकारचं लिहा, खानापूरकर. 'ॲप्ट रिमूव्ह' म्हणजे काढणे, त्यात सेटिंगच्या फाइली मागे राहतात. 'ॲप्ट पर्ज' म्हणजे त्यांच्यासकट काढणे. आणि 'पायथन३' हे पॅकेज काढू नका, हे ठळक अक्षरांत. उबुंटूची बरीच साधनं त्यावर चालतात, ते काढलं की डेस्कटॉपही त्याच्याबरोबर जाऊ शकतो. 'वाय' दाबण्याआधी ॲप्ट काय काय काढणार त्याची यादी दाखवतं. ती वरपासून खालपर्यंत वाचायला लावा.