पिल्लाचा पहिला पट्टा: वाढत्या अंगाचा घ्यावा का?

भूभूचीआई:
नऊ आठवड्यांचं पिल्लू घरी आलंय. सुतळी गुंडाळून मान मापली, २१ सेंमी भरली. लेकीला घुंगरांचा चामडी पट्टा हवाय. नवरा म्हणतो मोठाच घेऊ, वर्षभर पुरेल. कोणाचं ऐकू?

शेपूटवाला:
कोणाचंच नको :) वाढत्या अंगाचा घ्यायला तो काय शाळेचा गणवेश आहे? सैल पट्ट्यातून पिल्लू मान मागे ओढून सटकतं, आणि ते नेमकं रस्त्यावर. लोंबत्या पट्ट्यात पंजाही अडकतो.

नायलॉनचा, चपटा, लहानमोठा करता येणारा घ्या. २० ते ३० सेंमीचा तुम्हाला बरोबर बसेल. रुंदी एक-दीड सेंमी बास. पट्टा हलका आणि बक्कल मुठीएवढं असंही असतं, तेव्हा तेवढं तळहातावर तोलून बघा. घातल्यावर मान आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटं सपाट जायला हवीत. पिल्लं भराभर वाढतात, म्हणून दर आठवड्याला बोटं घालून बघायचीच. केसाळ पिल्लाचा पट्टा आवळलेला वरून कळतही नाही.

चामडं मोठेपणी घ्या. आत्ता ते भिजवेल, नाहीतर दात शिवशिवले की चावून ठेवेल. आणि घुंगरू दिवसभर त्याच्या कानाशी वाजणार, तुमच्या नाही. त्याऐवजी फोन नंबर कोरलेला बिल्ला लावा.

रात्रपाळी:
बक्कल दाबून सुटणारंच घ्या. आमची दोन पिल्लं खेळत होती. एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकला. घाबरून त्याने गिरकी घेतली आणि पट्ट्याला पीळ बसला. एकाला श्वास घेता येईना, दुसरं केकाटतंय. धातूचं बक्कल इतकं ताणलेलं की काटा भोकातून निघेना. शेवटी कात्रीने पट्टा कापला. तेव्हापासून खेळताना आणि पिंजऱ्यात ठेवताना गळा मोकळा.

भूभूचीआई:
बापरे! बरं, काल शेजारच्यांचा पट्टा घालून बघितला, तर बसून नुसतं मान खाजवत होतं.

शेपूटवाला:
नव्याची नवलाई. जेवायच्या वेळी पाच-दहा मिनिटं घाला, लक्ष वाटीत राहतं. हळूहळू वेळ वाढवा. पण चार दिवसांनीही खाजवत असेल तर केस बाजूला करून कातडी बघा, लाल असेल तर पट्टा काढा आणि डॉक्टरांना दाखवा. गोचिडांचा औषधी पट्टा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, वेष्टनावर किमान वय दिलेलं असतं.

चारपायी:
आपल्याकडे गळ्यातलाही पट्टा आणि हातातलाही पट्टा, त्यामुळे घोळ होतो. फिरवताना हातात धरायचा पट्टा गळ्यातल्याला अडकवू नका, छातीवरून जाणाऱ्या हार्नेसला लावा. पिल्लू ओढ काढणारच, आणि गळ्याला लावला असेल तर सगळा ताण श्वासनलिकेवर येतो. पग किंवा पॉमेरेनियनसारखं बारकं असेल तर नक्कीच. ओढलं की आवळणारी साखळी कोणी सुचवली तर सरळ नाही म्हणा.

भूभूचीआई:
नायलॉनचा आणला, दाबून सुटणारा. लेक रुसली होती, रंग तिला निवडू दिला. आता रोज तीच बोटं घालून बघते. दोन बोटं म्हणजे तिची की माझी?

शेपूटवाला:
तुमची. तिची तीन धरा.