ग्रेस केलीने पडदा सोडला, की तो तिच्याकडून सोडवून घेतला गेला?

जुनी तिकिटे :
हॉलिवूडची अभिनेत्री ग्रेस केली हिच्या लग्नाविषयी आपल्याकडे जे काही लिहिले जाते त्यात ‘परीकथा’ हा शब्द ठरलेला असतो, आणि माझा आक्षेप नेमका त्या शब्दाला आहे. फिलाडेल्फियातील एका धनाढ्य बांधकाम ठेकेदाराची ही मुलगी मे १९५५ मध्ये फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवाला गेली असता एका फ्रेंच साप्ताहिकाने छायाचित्रांच्या निमित्ताने तिची मोनॅकोचा राज्यकर्ता प्रिन्स तिसरा रेनिये याच्याशी भेट घडवून आणली. वर्षभराच्या आत, १८ आणि १९ एप्रिल १९५६ रोजी, आधी नागरी आणि मग धार्मिक पद्धतीने त्यांचा विवाह झाला, आणि अकरा चित्रपट केलेली ऑस्करविजेती अभिनेत्री सव्विसाव्या वर्षी पडद्यावरून गेली ती गेलीच.

यातला व्यवहार पाहा. मोनॅको म्हणजे जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे संस्थान, आणि गादीला वारस उरला नाही तर ते फ्रान्सच्या संरक्षणाखाली जाईल अशी तरतूद १९१८ च्या तहात होती. रेनिये बत्तिशीचा, अविवाहित. चरित्रकारांनी वीस लाख डॉलरच्या हुंड्याचाही उल्लेख केला आहे. वधूपक्षाने पैसा द्यायचा, पुढे वारसही द्यायचा आणि वर मुलीने आपले कामही सोडायचे, याला परीकथा म्हणत असतील तर आपल्या आजी-पणजींच्या वाट्याला आलेल्या परीकथा मोजता येणार नाहीत.

शब्दवेल्हाळ :
आपला रोष समजतो, पण आपण तिला अगदीच अजाण ठरवता आहात. आईवडिलांच्या मनाविरुद्ध न्यूयॉर्कला जाऊन, मॉडेलिंग करून नाट्यशिक्षणाचा खर्च भागवणारी मुलगी कोणाच्या दबावाखाली बोहल्यावर उभी राहील असे मला वाटत नाही.

खिडकीतून :
शब्दवेल्हाळ यांच्याशी सहमत, आणि त्यात एक महत्त्वाची भर. ती जे सोडून गेली ते स्वातंत्र्य होते, हे गृहीतकच मुळात तपासायला हवे. १९५२ मध्ये तिने मेट्रो-गोल्डविन-मायर या कंपनीशी सात वर्षांचा करार केला (मुंबईत धोबीतलावला मेट्रो थिएटर बांधणारी कंपनी हीच). त्या पद्धतीत कोणता चित्रपट करायचा हे कंपनी ठरवी आणि नट-नटींना दुसऱ्या कंपन्यांना उसने देऊन वरचा पैसा स्वतः ठेवी. दिग्दर्शक हिचकॉकच्या ज्या तीन चित्रपटांमुळे आपण तिला ओळखतो ते तिन्ही अशा उसनवारीतले आहेत. १९५५ च्या सुरुवातीला दिलेल्या भूमिका नाकारल्या म्हणून कंपनीने तिला निलंबित केले, आणि त्याच मार्चमध्ये तिला ऑस्कर मिळाले तेही पॅरामाउंट या दुसऱ्या कंपनीकडे उसनी असताना केलेल्या कामासाठी! अशा मालकाकडून सुटण्यासाठी राजवाडा हा तिला सापडलेला एक चांगला दरवाजा होता, असे मी म्हणेन.

जुनी तिकिटे :
दरवाजा होता खरा, पण तो मालकाच्याच अंगणात उघडत होता. लग्नाचा पोशाख याच कंपनीच्या वेशभूषाकार हेलन रोझ यांनी तयार केला आणि कंपनीने तो वधूला भेट दिला. बदल्यात लग्नाचे चित्रण करण्याचा हक्क कंपनीला मिळाला आणि त्याचा माहितीपट निघाला. तिच्या शेवटच्या चित्रपटात नायिकेच्या बोटात जो टपोरा हिरा दिसतो, तो रेनियेने वाङ्निश्चयाला दिलेल्या अंगठीचाच आहे. स्वतःचा साखरपुडा कॅमेऱ्यासमोर नेणाऱ्या बाईला तुम्ही सुटलेली म्हणता, याचे आश्चर्य वाटते.

आणि सुटकाच हवी होती, तर १९६२ चे काय? त्या वर्षी मार्चमध्ये हिचकॉकच्या ‘मार्नी’मध्ये ती नायिका म्हणून परतणार असे जाहीर झाले. भूमिका एका चोरी करणाऱ्या, मनाने जखमी असलेल्या स्त्रीची. मोनॅकोतील प्रजेला आपली प्रिन्सेस असल्या भूमिकेत नको होती. जूनपर्यंत तिने माघार घेतली आणि चित्रपट पुढे अभिनेत्री टिपी हेड्रनला घेऊन झाला.

साक्षीभाव :
इथे प्रजेच्या नापसंतीवर सगळा भार टाकणे अपुरे आहे. १९६२ मध्येच फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या सरकारने मोनॅकोला करसवलतींवरून कोंडीत पकडले होते, कारण फ्रेंच नागरिक आणि धंदे करातून सुटण्यासाठी तेथे आश्रय घेत होते. ऑक्टोबरात तर फ्रान्सने सीमेवर जकातीचे पहारे बसवले. १९६३ च्या करारानंतर तिथे नव्याने राहायला आलेल्या फ्रेंच नागरिकांना फ्रान्सचा कर लागू झाला. शेजारचा बलाढ्य देश दाराशी उभा असताना राज्यकर्त्याची पत्नी हॉलिवूडला निघाली असती तर ते कसे दिसले असते, एवढाच विचार करावा. रेनियेने तिला अडवले असे म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, आरंभी त्याने या भूमिकेला संमती दिली होती.

जुनी तिकिटे :
कराच्या भांडणाचा मुद्दा मान्य, तो मी सोडायला नको होता. तरी ‘संमती दिली होती’ या तीन शब्दांतच माझे सगळे म्हणणे आले आहे, याकडे आपले लक्ष वेधतो.

शब्दवेल्हाळ :
पण ती काही खिडकीत बसून उसासे टाकत नव्हती. १९५८ पासून मोनॅकोच्या रेड क्रॉसचे अध्यक्षपद, १९६३ मध्ये मुलांसाठी स्थापलेली आंतरराष्ट्रीय संस्था, तीन मुलांचे संगोपन आणि १९७६ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीच्या संचालक मंडळावर जागा. ज्या धंद्याने तिला उसने दिले त्याच धंद्यात ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली. १३ सप्टेंबर १९८२ च्या मोटार अपघाताने तिला बावन्नाव्या वर्षी नेले नसते तर पुढे काय घडले असते, हे आपण दोघेही सांगू शकत नाही.

खिडकीतून :
शिवाय १९७६ मध्येच एडिंबरा महोत्सवात तिने रंगमंचावरून कवितावाचनही केले. म्हणजे कला सुटलीच नव्हती. हौस म्हणून ती टिकली होती.

जुनी तिकिटे :
हौशी माणसे भिशीत नाहीतर गणपतीत वाचतात हो, एडिंबराला नाही. वीस वर्षे संवाद न बोललेली बाई जेव्हा दुसऱ्यांच्या ओळी वाचायला जवळजवळ हजार मैल लांबचा रंगमंच गाठते, तेव्हा मला त्यात हौस दिसत नाही.