टंचाईच्या गावातच ‘शिळे’ पाणी का ओतले जाते?

शहापूरकर (प्रश्न)
बेळगावात आमच्या गल्लीत नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येते. ते आले की आई आधी पिंपातले आणि घागरींतले उरलेले ‘शिळे’ पाणी मोरीत ओतते, तांब्याचा हंडा चिंचेने घासते आणि मगच ताजे भरते. काल मी मोजले, तर चार बादल्या स्वच्छ पाणी गटारात गेले. पृथ्वीवरच्या एकूण पाण्यापैकी गोडे पाणी जेमतेम अडीच टक्के असून त्यातलेही बहुतेक बर्फात अडकलेले आहे, हे आपण शाळेत शिकलो. तरीही ज्यांना पाणी कमी मिळते तेच ते ओतून देतात. याला निव्वळ अडाणीपणा म्हणावे का?

टिळकवाडी
अडाणीपणा मुळीच नव्हे. पाणी पुन्हा केव्हा येईल याचा भरवसा नसला की माणूस गरजेपेक्षा जास्त भरतो आणि जास्त भरलेले नवे आल्यावर टाकतो. आमच्या शेजारी तर रात्री तोटी उघडीच ठेवतात, कारण रिकाम्या बादलीत धार पडल्याच्या आवाजाने जाग येते. जाग आली नाही, तर पहाटेपर्यंत अंगणात पाणीच पाणी. 2008 मध्ये शहराच्या काही निवडक भागांत मीटर बसवून चोवीस तास पाणी सुरू झाले. तिकडे राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या पिंपात आता गहू असतात.

अथणीचा शेतकरी
आपल्या चार बादल्यांचे फार मनाला लावून घेऊ नका. जगात नद्यांतून आणि जमिनीतून उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे 70 टक्के शेतीला लागते, आणि आमच्याकडे ती शेती म्हणजे ऊस. पण रोग तोच आहे. थ्री-फेज वीज रात्री केव्हातरी येते, म्हणून आम्ही मोटारीला ऑटो स्टार्टर लावून झोपतो. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला वीज फुकट असल्याने मोटार जास्त चालली तरी खिशाला चाट बसत नाही. पहाटे जाऊन पाहावे, तर सरी तुडुंब भरून बांध फुटलेला आणि पाणी गाडीवाटेवर आलेले. वर्षानुवर्षे असे पाटपाणी दिल्याने माझ्या खालच्या दोन एकरांत मीठ फुटले आहे. तिथे आता ऊस सोडा, गवतही धड येत नाही. वरच्या रानात ठिबक केले, तेव्हा निम्म्याहून कमी पाण्यात तोच ऊस उभा राहिला.

खानापूर
भरवशाचा मुद्दा मान्य आहे, परंतु तो अपुरा वाटतो. केपटाऊनमध्ये 2018 साली धरणे आटत आली, तेव्हा नळ चालूच होते. तरी माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा आणि जादा वापराला चढे दर लावल्यावर लोकांनी वापर कमी केला. उलट आमच्या जांबोटी भागात पावसाळ्यात छत्री मिटायला सवड मिळत नाही आणि एप्रिलमध्ये मात्र घरामागचा झरा आटतो. पाणी असते तेव्हा ते कोणी मोजत नाही. टिळकवाडीच्या बंधूंनी पिंपातल्या गव्हाचे श्रेय चोवीस तास पाण्याला दिले. मला वाटते, त्यातले थोडे मीटरलाही द्यावे.

शहापूरकर
सर्वांचे आभार. आईला हे वाचून दाखवले. ती म्हणाली, “परवा नक्की येणार असं लिहून दे, म्हणजे एक घागरही ओतणार नाही.” ते मला लिहून देता आले नाही. तूर्त ‘शिळे’ पाणी परसातल्या नारळाला जाते.