एप्रिलमधलं लग्न, पिस्ता-पीच थीम आणि बहिणीचे केस

थोरली_फोंडा

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, इथेच फोंड्याला. सह्या झाल्या, हॉल ठरला, जेवणात सोलकढी की ताक हेही ठरलं. घोडं अडलंय ते केसांवर. हसू नका.

बाईसाहेबांनी मोबाइलवर कुठल्याशा थंड देशातल्या लग्नाचे फोटो बघून 'स्प्रिंग' रंग पक्के केलेत. पिस्ता, पीच, फिकट लिंबू आणि चवीपुरता लव्हेंडर. पडदे, आमच्या साड्या, रिटर्न गिफ्टच्या पिशव्या, सगळं त्यातच. फोटोतल्या नवरीचे केस मोकळे आहेत, एका बाजूला सैल वेणी आणि तिच्यात जिप्सीची बारीक पांढरी फुलं. हिला तस्संच हवंय. आई म्हणते, खोपा नसेल तर मी मांडवात येत नाही.

मागच्या आठवड्यात ट्रायल झाली. पार्लरमध्ये बटा काय सुंदर पडल्या होत्या! स्कूटरवरून घरी येईपर्यंत त्यांच्या शेवया झाल्या. केस पातळ आहेत, पाठीच्या मध्यापर्यंत.

मुहूर्ताला पिवळी साडी, हातात चुडा, संध्याकाळी पीच रंगाची ऑर्गंझा. शिवाय आजीचं अंबाड्यात खोचायचं सोन्याचं फूल आहे, ते आईला घालायचंच आहे आणि बहिणीला ते 'थीममध्ये बसत नाही' असं वाटतंय. मधल्यामध्ये मी. सुचवा काहीतरी.

गेल्या_वैशाखातली_नवरी

मुहूर्ताला मोकळे केस नकोत. एकच शब्द: अक्षता. मी हट्टाने मोकळे सोडले होते, वर भरपूर स्प्रे. तिसऱ्या दिवशीही सासरी न्हाणीघरात तांदूळ सापडत होते. सासूबाई म्हणाल्या, ठेव, पेजेला होतील.

केसवाली_म्हापसा

अठरा वर्षं नवऱ्या सजवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पार्लरवालीचा दोष नाही. बटा उष्णतेने बसवतात आणि हवेतला ओलावा केसांत शिरला की केस आपल्या मूळ वळणावर परत जातात. पार्लरात एसी, बाहेर आपली दमट हवा. एप्रिलात त्यात घाम आणि होमाची धग. पातळ केस तर आधी हार मानतात. आणि स्प्रेवरून आठवलं, बहुतेक स्प्रेंमध्ये अल्कोहोल असतं, ते पेट घेतं. होमापुढे बसायच्या ऐन आधी फवारा मारू नका. हे मी प्रत्येक नवरीच्या आईला बजावून सांगते, तरी पर्समध्ये बाटली असतेच.

केस आदल्या दिवशी धुवा. त्याच सकाळी धुतलेल्या गुळगुळीत केसांत पिना टिकत नाहीत. अंबाड्याला भर हवी तर मोठा डोनट (स्पंजचं कडं) घालण्यापेक्षा गंगावन, म्हणजे जोडायचे केस, लावा. डोनटवर पातळ केस ताणले की फटीतून स्पंज दिसतो आणि फोटोग्राफरला नेमका तोच कोन आवडतो.

सगळ्यात मोठी चूक वेगळीच होते. ट्रायलला कुणी मुंडावळ्या आणत नाही. नुसता अंबाडा छान दिसतो, मग लग्नाच्या दिवशी मुंडावळ्यांची दोरी मागे कुठून न्यायची यावरून गोंधळ. गाठ अंबाड्याच्या खाली बसली तर घसरत नाही, म्हणून अंबाडा फार खाली मानेवर नको, मधोमध बांधायचा. पुढच्या ट्रायलला मुंडावळ्या, शेला आणि ते सोन्याचं फूल, तिन्ही घेऊन जा. कानाजवळच्या बटा मुहूर्तापुरत्या विसरा, हार घालताना अडकतात.

सैल वेणी संध्याकाळी करा. एसी हॉल असेल तर टिकेल, आणि बहिणीचा फोटोही होईल.

म्हार्दोळची_मावशी

अगो बाय, पीच पीच काय करताय? तो आपला अबोली रंग! माझ्या आईच्या लुगड्याला, माझ्या पहिल्या पातळाला अबोलीच म्हणायचे. आणि त्या रंगाचं फूल दारात उभं असताना पांढरी जिप्सी कशाला? ते दुसऱ्या फुलांच्या गुच्छात भर घालायचं गवत. काळ्याभोर केसांत लांबून कोंडा झाल्यासारखं दिसतं. राग मानू नको हं.

तुम्ही रंग ठरवलेत, पण व्हंकलेच्या, म्हणजे नवरीच्या, अंगावरचे तीन रंग त्यात धरलेच नाहीत. चुड्याचा हिरवा, साडीचा पिवळा, कुंकवाचा लाल. ते काही बदलायचे नाहीत. गर्द हिरव्या काचेशेजारी पिस्ता आजारी दिसतो. म्हणून पिस्ता पडद्यांवर राहू दे, नवरीच्या केसांत त्या रंगाच्या रिबिनी, पिना काही नको. हिरवा हवाच तर अबोलीत मधे मधे मरवा ओवून घे. वासही येईल, कारण अबोलीला स्वतःचा वास नसतो. गुण मात्र मोठा: वजन नाही आणि लवकर मान टाकत नाही. केळीच्या सोपात, म्हणजे केळीच्या धाग्यात, ओवलेली फाती (गजरा) माग, नायलॉनचा दोरा केस ओढतो.

आता आजीचं फूल. ते घालायचंच, पण सोनं थेट अबोलीला टेकवू नको, दोघांचा रंग एकमेकांत विरतो आणि लांबून काहीच कळत नाही. मधे पांढरं हवं. अंबाड्याच्या मध्यावर फूल, त्याभोवती मोगऱ्याच्या कळ्यांचे दोन वेढे, त्याच्या बाहेर अबोली. मोगरा एप्रिलात हवा तेवढा. कळ्याच घे. सकाळी मुहूर्ताला त्या मिटलेल्या, मोत्यासारख्या, मुंडावळ्यांना जुळतात. संध्याकाळी उमलतात. तोच गजरा जपून काढला तर त्या सैल वेणीलाही लावता येईल. एका पैशात दोन गजरे.

लव्हेंडरसाठी माझ्याकडे फूल नाही. जांभळी कोरांटी असते, पण ती थंडीतली. तो रंग करवल्यांच्या काठावर राहू दे.

फुलं आदल्या दिवशी सांगून ठेव. आमच्याकडे देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या बसतात, लग्नसराईत आयत्या वेळी गेलीस तर देवीच्या नावाने ठेवलेलं कुणी देणार नाही.

पेडण्याचा_भाऊ

मी पुरुषमाणूस, मधे पडतोय. फिकट लिंबू रंगाला सुरंगी कुणालाच आठवली नाही? पिवळसर पुंकेसर, आणि वास असा की मागच्या रांगेला कळतं. पण बहर फेब्रुवारी-मार्चचा. शिरोडा, आरवलीकडे शेवटचे वळेसर (सुरंगीचे गजरे) मिळाले तर नशीब, त्याच्या भरवशावर राहू नका.

दुसरं, सुरंगीवर मधमाश्या जीव टाकतात. माझ्या ताईच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना एक माशी थेट तिच्या खोप्यावर. ताई हलेना, भटजी मात्र दोन पावलं मागे. मंगलाष्टकाचा सूर तेवढाच चढला.

थोरली_फोंडा

सगळ्यांचे आभार! पेडणेकर, हे घरात वाचून दाखवलं, आजीला ठसका लागला.

काल दुसरी ट्रायल झाली. मुंडावळ्या घेऊन गेलो. पार्लरवाली आधी वैतागली, मग तिनेच अंबाडा दोन बोटं वर घेतला. गंगावन लावल्यावर आजीचं फूल नीट पेललं. पहिल्यांदा ते खाली लोंबत होतं, म्हणून बहीण नको म्हणत होती. थीमचं निमित्त होतं, हे आता कबूल केलंय.

अबोली आणि मोगरा मुहूर्ताला, नक्की. आईचा खोपा झाला. संध्याकाळी सैल वेणी, आणि हो, थोडी जिप्सी. मावशी, ती ऐकत नाही. म्हणाली, कोंडा तर कोंडा.

एकच विचारायचं राहिलं. तुम्ही सांगितलं तसं करायला अबोली किती हात लागेल?

म्हार्दोळची_मावशी

अंबाड्याला दोन हात पुरे. तू सहा घे. करवल्या आयत्या वेळी मागतातच, आणि तुझ्या आईला कुणी विचारलंय का?