कारला पण स्पीड गव्हर्नर सक्तीचा करायला हवा का?

समीर_संभाजीनगर:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून विचारतोय. कामामुळे समृद्धीवरून नागपूरला नेहमी येणंजाणं असतं. कारला लिमिट 120 आहे, आपण 110 च्या आसपास चाललोय आणि बाजूनं एखादी एसयूव्ही अशी सुसाट निघून जाते की आपली गाडी हलते, ती दीडशेच्या खाली नसणार एवढं नक्की. ट्रकला, पिवळ्या पाटीच्या टॅक्सीला गव्हर्नर आहे, 80 च्या पुढे जातच नाही, डंपर, टँकर आणि स्कूल बसला तर 60 चा. मग पांढऱ्या पाटीच्या गाडीनं काय पुण्य केलंय? जुलै 2019 पासून नव्या कारमध्ये 80 च्या पुढे मधूनमधून आणि 120 च्या पुढे सलग बीप वाजतो, पण त्याला विचारतंय कोण, गाण्यांचा आवाज वाढवला की झालं. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली, आणि त्यातले 71 टक्के मृत्यू ओव्हरस्पीडिंगमुळे. महाराष्ट्रात 120 च्या वर कुठेच परवानगी नाही, तर मग कंपनीतून निघतानाच गाडी 120 ला लॉक करून का देऊ नये? यात कुणाचं काय नुकसान आहे ते मला खरंच समजून घ्यायचंय.

तळकोकणी:
माझा विरोध. दोन पदरी रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करताना समोरून गाडी आली तर पिकअप हाताशी लागतो, तेवढ्यात गाडीनं हात वर केले तर मरणार कोण? गाडी चालवणाऱ्यावर सोडा.

फिजिक्सवाले_सर:
तळकोकणी, ट्रक 50-60 नं चाललाय, त्याला ओव्हरटेक करायला 120 लागत असतील तर तो ओव्हरटेक करायचाच नाही, मागे थांबायचं. एवढ्यासाठी लॉकला विरोध नको.
पण समीर, मला तुमच्या 120 च्या लॉकमध्ये वेगळीच अडचण दिसते. माणसं फक्त एक्सप्रेसवेवर मरत नाहीत. गावातून जाणारा राज्य महामार्ग घ्या, एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला एसटी स्टँड, आणि तिथून कार 80 नं जाते. जरा हिशोब करा. ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरला, रस्ता कोरडा, टायर चांगले, तर 60 नं चाललेली गाडी साधारण 36-37 मीटरवर पूर्ण थांबते. 80 वाल्याला त्याच क्षणी पोरगं आडवं आलेलं दिसलं तर तो तेवढ्याच अंतरावर अजून 60 च्या वर वेगात असतो. म्हणजे एक गाडी पोराच्या अलीकडे थांबली आणि दुसरी 60 च्या स्पीडनं त्याला धडकली, फरक फक्त 20 चा. ब्रेकिंगचं अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं, हे आपण दहावीच्या पोरांकडून पाठ करून घेतो आणि स्वतः गाडीत बसल्यावर विसरतो. 120 ला लॉक केलेली गाडी या गावातून 80 नं, 100 नं आरामात जाईल, लॉकला काही कळणारच नाही. लॉक लावायचाच तर त्या त्या रस्त्याच्या लिमिटप्रमाणे बदलणारा लावा.

आइंडहोवनकर:
सर म्हणतात तसली सिस्टीम इकडे युरोपात आहे. 7 जुलै 2024 पासून युरोपियन युनियनमध्ये विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला सक्तीची आहे, कॅमेरा बोर्ड वाचतो, सोबत मॅप असतो, आणि लिमिट ओलांडलं की गाडी सांगते. पण लॉक नाहीये हं, बऱ्याच गाड्यांत नुसता बीप, काहींत पेडल पायाला उलटं ढकलतं, आणि जोरात दाबलं तर गाडी पळतेच. बंदही करता येते, मात्र गाडी पुन्हा चालू केली की सिस्टीम आपोआप चालू.
आता अडचण सांगतो. नेदरलँड्समध्ये 2020 पासून बहुतेक हायवेला सकाळी 6 ते संध्याकाळी 7 पर्यंत 100 आणि रात्री बऱ्याच ठिकाणी जास्त, बोर्डखाली वेळ लिहिलेली असते, आमची गाडी ती वेळ कधी वाचते कधी नाही. बाजूच्या एक्झिटचा 50 चा बोर्ड दिसला की मेन लेनवर पण ओरडायला लागते. समजा तिथं खरंच लॉक असता आणि मागून ट्रक येत असता, तर? इतके स्वच्छ बोर्ड असलेल्या देशात ही गत. तरीही ती बंद करावीशी वाटत नाही, शहरातल्या 30 च्या झोनमध्ये तिनं सवय लावलीय.

समीर_संभाजीनगर:
आपल्याकडे अर्ध्या बोर्डांवर वाढदिवसाचे फ्लेक्स लागलेत, कॅमेरा वाचणार काय! पण मग बोर्ड सुधारेपर्यंत काहीच करायचं नाही का? 120 चा साधा लॉक तर सॉफ्टवेअरमध्येच होतो, व्होल्वोनं 2020 पासून स्वतःहून सगळ्या नव्या गाड्या 180 ला अडवल्याच आहेत की.

स्कूलबसवाला:
माझ्या गाड्यांना गव्हर्नर आहे म्हणून लिहितो. बसवणं सोपं आहे, टिकवणं अवघड. या धंद्यात कित्येकांचा गव्हर्नर पासिंगच्या दिवशी चालू असतो आणि दुसऱ्या दिवशी वायर सुटलेली असते, ड्रायव्हरला ट्रिप मारायची घाई, मालकाला माहीत असून तो गप्प. मी सीलचा फोटो काढून ठेवतो आणि महिन्याला स्वतः बघतो, कारण आत बसलेली पोरं लोकांची आहेत. पण निदान आमच्या गाड्या फिटनेसला आरटीओसमोर उभ्या तरी राहतात. प्रायव्हेट कारला 15 वर्षं कुणी विचारत नाही. सॉफ्टवेअरचा लॉक काढून देणारे रिमॅपवाले आजच गल्लोगल्ली आहेत, मग तपासणार कोण आणि कधी? सरकारनं हे करायचं ठरवलंच तर पीयूसीच्या वेळी प्लग लावून लॉक शाबूत आहे की नाही ते बघायला लावा, आणि काढलेला सापडला तर दंड मालकाला तर हवाच, काढून देणाऱ्या गॅरेजवाल्याला त्याच्या दुप्पट.

फिजिक्सवाले_सर:
पीयूसीचा मुद्दा पटला. समीर, 120 चा लॉक लावा, माझी हरकत नाही, दीडशेवाला तरी थांबेल. फक्त त्याच आदेशात गावाच्या वेशीवरचा 40 चा बोर्ड आणि त्याखालचा रंबलर पण येऊ द्या, रंबलरला सॉफ्टवेअर लागत नाही आणि तो कुणाला रिमॅप करता येत नाही.