शब्दचर्चा : 'बालकासारखा विश्वास' म्हणजे भोळा, भाबडा की अजून काही?

पानसुपारी : मंडळी, एक शब्द अडलाय. बायबलात मत्तय १८:३ मध्ये येशू म्हणतो की तुम्ही बालकांसारखे झाल्याशिवाय स्वर्गाच्या राज्यात जाणार नाही. संडे स्कूलच्या मोठ्या मुलांसाठी यावर एक पान लिहायचंय आणि 'बालकासारखा' हे दर ओळीत आलं की कंटाळवाणं होतं. भोळा, भाबडा, निरागस, बाळबोध, साधाभोळा यातलं काय चालेल? घरी 'भोळा विश्वास' म्हणून बघितलं तर मुलगी म्हणाली म्हणजे आपण येडे का.

उंटावरचा : भाबडा नको बुवा. कुणाला भाबडा म्हटलं की पुढचं वाक्य हमखास 'त्याला गंडवलं' असंच येतं. बाळबोधचं तर वाईटच झालं, पूर्वी मोडीच्या शेजारी स्वच्छ सुट्या अक्षरांची लिपी ती बाळबोध, चांगला शब्द होता, अमेरिकन मराठी मिशनच्या मुलांच्या मासिकाचं नावच बालबोधमेवा होतं, आणि आता सिनेमा आवडला नाही की लोक लिहितात 'बाळबोध आहे'. निरागस चालेल पण तो फोटोखाली लिहायचा शब्द वाटतो मला.

शेवंता : भोळा का नको पण? आपल्या शास्त्रातच आहे की. स्तोत्र ११६:६, परमेश्वर भोळ्यांचं रक्षण करतो. लहानपणापासून पाठ आहे. आमची आजी आजारपणात हेच म्हणत बसायची, तिला कोणी येडी म्हटलं नाही.

उंटावरचा : शेवंताताई, मग नीतिसूत्रे १४:१५ पण वाचा ना, भोळा प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवतो आणि शहाणा नीट बघून पाऊल टाकतो. तिथे भोळ्याची चंपीच केलीये.

कित्ता : दोघांचंही बरोबर आहे कारण दोन्हीकडे मूळ हिब्रू शब्द एकच आहे, पेथी. ज्याचं मन अजून उघडं आहे, कुणीही काहीही आत टाकावं असा. त्यात ना पुण्य ना पाप. खरी गंमत नीतिसूत्रे ९ व्या अध्यायात आहे, तिथे ज्ञान नावाची बाई घर बांधून, जेवण मांडून हाक मारते की जो भोळा आहे त्याने इकडे वळावं, आणि त्याच अध्यायात खाली १६ व्या ओवीत मूर्ख बाई पण दारात बसून अगदी तीच हाक मारते, शब्दसुद्धा तेच! भोळा तोच, हाक तीच, पण एका घरी भाकर मिळते आणि दुसऱ्या घरी गेलेले अधोलोकात पोचलेत. त्यामुळे 'भोळा असणं चांगलं का वाईट' हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो, कोणाच्या घरी वळला ते सांगा आधी.

आणि अजून एक. हीच ९:४ ची ओवी लॅटिन बायबलात 'जो लहान आहे' अशी झाली. तिथून ती फ्रान्समधल्या लिझ्यूच्या तेरेजापर्यंत पोचली, आपल्याकडे कॅथलिक लोक बाळ येशूची संत तेरेजा म्हणतात ती. १५ व्या वर्षी मठात गेली, १८९७ साली क्षयाने वारली तेव्हा २४ वर्षांची होती. तिने लिहिलंय की श्रीमंतांच्या घरात आता जिने चढावे लागत नाहीत, लिफ्ट असते, आणि मी परिपूर्णतेचा जिना चढायला फार छोटी आहे तर मलाही लिफ्टच हवी. मग शास्त्रात शोधताना तिला ही ओवी सापडली आणि ती म्हणते, येशूचे हात हीच माझी लिफ्ट, त्यासाठी मला मोठं व्हायची गरज नाही, उलट लहानच राहायला हवं. याच मुलीला चर्चने १९२५ साली संत केलं आणि १९९७ साली चर्चची धर्मपंडित म्हणून जाहीर केलं. आपल्या बायबलात तिथे भोळा आहे, तिला तिथे लहान दिसला.

पानसुपारी : बापरे, लिफ्टचं माहीतच नव्हतं, हे मुलांना नक्की आवडणार. पण माझा शब्द??

मुंगी साखर : शब्द कित्तांनी देऊन टाकलाय की, लहानपण! मत्तय १८ ची सुरुवात बघा. शिष्य विचारतात स्वर्गाच्या राज्यात सगळ्यात मोठा कोण, म्हणजे विषय खुर्चीचा चाललाय, विश्वास ठेवण्याचा नाही. त्यावर तो एका पोराला बोलावून मधे उभं करतो आणि लगेच पुढच्या ओवीत म्हणतो जो स्वतःला या बालकासारखं नम्र करील तो मोठा. मूल गोड असतं, निष्पाप असतं असलं काही तो म्हणतच नाही (ज्यांच्या घरात दोन मुलं आणि एक रिमोट आहे त्यांना निष्पापचं विचारा). त्या काळी मुलाला घरात मत नसे. ग्रीकमध्ये तिथे पाइदियोन आहे, पाइस या शब्दाचं छोटं रूप, आणि पाइस म्हणजे मूल पण आणि चाकर पण, मत्तयातच शताधिपतीचा, म्हणजे शंभर सैनिकांवरच्या रोमी अधिकाऱ्याचा, जो चाकर आजारी पडतो तो पाइसच. आपल्याकडे चहाच्या टपरीवरचा पोऱ्या असतो ना, तसंच. तुकोबांनी 'लहानपण देगा देवा' म्हटलं तेव्हा त्यांनाही शाळकरी वय परत नको होतं, मुंगीएवढं लहान व्हायचं होतं. वय आणि पायरी दोन्ही एकाच शब्दात येतं, मग भोळाभाबडाच्या मागे कशाला लागायचं.

शेवंता : पण विश्वासाचं काय मग? नम्र माणूस विश्वास ठेवेलच असं थोडंच आहे. आमच्याकडे चर्चचे पाळक नेहमी म्हणतात बालकासारखा विश्वास ठेवा, प्रश्न विचारू नका.

मुंगी साखर : प्रश्न विचारू नका हे कोणत्या बालकाला जमतंय ताई? चार वर्षांचं पोर दिवसभर का का करून डोकं उठवतं. आणि प्रेषित पौलाने करिंथकरांना पत्रात सरळ लिहिलंय की बुद्धीने बालक होऊ नका, दुष्टपणाच्या बाबतीत तान्हे राहा पण समजुतीत प्रौढ व्हा. १३ व्या अध्यायात तर पोरपणाच्या गोष्टी सोडून दिल्या म्हणतो. पोरपण सोडायचं आणि लहानपण धरायचं, मराठी बायबलवाल्यांनी शब्द झकास निवडलाय तिथे.

साधेपणा म्हणजे अडाणीपणा वाटत असेल तर केडगावच्या पंडिता रमाबाई बघा. १८७८ ला कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती पदवी दिलेली बाई, हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायला बसली ती साध्या बायकांना वाचता येईल अशा मराठीत. वर्षानुवर्षं काम केलं, १९२२ ला गेल्या आणि पुस्तक १९२४ ला निघालं.

कित्ता : विश्वासासाठी मी स्तोत्र १३१ सुचवीन, तीनच ओव्या आहेत. माझा जीव आईजवळच्या बाळासारखा शांत आहे असं म्हटलंय. पण त्यात तान्हं बाळ नाहीये, दूध तुटलेलं बाळ आहे. ज्यांनी दूध तोडलंय त्यांना माहितीये ते दिवस कसे जातात, पदर ओढणं, रात्री रडणं, आईने कडू काहीतरी लावून बसणं. ते सगळं होऊन गेल्यावरचं हे बाळ आहे. आता ते मांडीवर येतं ते दुधासाठी नाही, आईजवळ बसायला येतं. म्हणजे याला 'नाही' ऐकून झालंय आणि तरी ते तिथेच आहे. याला भाबडं कसं म्हणणार?

उंटावरचा : हे पटलं. तरी 'लहानपणाचा विश्वास' असं लिहू नका हं पानसुपारी, लोकांना वाटेल लहान असताना होता आणि आता गेला.

पानसुपारी : हाहा, खरंय. शीर्षकात 'दूध तुटलेलं बाळ' टाकते आणि आत लहानपण वापरते. फक्त आठवीच्या पोरांसमोर दूध तोडणं समजवायचं कसं ते कुणीतरी सांगा, आमच्या वर्गात खी खी सुरू झालं की तास संपला.

शेवंता : मंडळीतल्या एखाद्या आईला बोलवा ना वर्गात. पाच मिनिटं सांगेल, खी खी बंद.